नववी खुर्ची

आमच्या घरात मोठा आवाज एकच होता, तो बाबांचा. पौडच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, समोरच्या मायकाचं बटण दाबायचं आणि गाड्या पुकारायच्या हे त्यांचं काम, आणि हे काम देवानं खास त्यांच्यासाठीच काढलं असावं असं सगळा स्टँड म्हणायचा. "पौडहून स्वारगेटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे" हे वाक्य बाबा अशा थाटात म्हणायचे की ज्याला कुठं जायचं नाही त्यालाही गाडीत चढावंसं वाटावं. आमचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. त्यामुळं बाबा ड्यूटीवर गेले तरी घरातून गेले असं कधी वाटायचंच नाही. इकडं आईनं कुकर लावावा आणि तिकडं भोंग्यातून बाबांनी ताम्हिणीची गाडी पुकारावी. घरी आल्यावरही आवाज तोच. "चहा!" म्हणून हाक मारली की भिंतीपलीकडून आमच्या घरमालकीण वत्सलाकाकू ओरडायच्या, "ठिवलाय म्हणं वो, दम धरा!"

आई ब्लाऊज शिवायची. खिडकीपाशी तिचं मशीन होतं, आणि घरातला दुसरा आवाज म्हणाल तर तो त्या मशीनचा. आई फार बोलायची नाही, पण गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती. तिच्या जिभेला धार होती, ती फक्त जपून वापरायची. बोलायचं असलं की पायाखालचं पायडल थांबायचं. मशीन थांबलं की मी आणि बाबा दोघंही कान टवकारायचो, कारण आता काहीतरी कामाचं ऐकायला मिळणार हे ठरलेलं. आम्ही मूळचे बार्शीकडचे, बाबांच्या बदलीमुळं इकडं आलेलो. डोंगर, भात आणि सतत ओली जमीन यांच्याशी आईचं कधी जमलंच नाही. ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी गावाहून कुणाबरोबर तरी येत राहायची, आणि रविवारी सकाळी आई धपाटे लावायची. लसूण-तीळ घातलेल्या त्या धपाट्यांच्या वासानं वत्सलाकाकू ताटली घेऊनच दारात उभ्या राहायच्या. आज मी मुळशीतल्याच नांदे गावात राहते. ज्या शेतांतून आम्ही हरभरा उपटून खायचो तिथं आता वीस-वीस मजले उभे आहेत, त्यातल्याच एकात. लिफ्टमध्ये कुणाच्या डब्यातून तो वास आला की माझा मजला येऊन जातो आणि मला कळत नाही.

आम्ही बहाई. बाबा बहाई कसे झाले ही मोठी गोष्ट आहे आणि ती त्यांच्याच तोंडून ऐकण्यात मजा होती. ते आता नाहीत, म्हणून इथं ती सांगत बसत नाही. एवढंच सांगते की देव एक, सगळे धर्म त्याचेच, माणसं सगळी एकाच घरची आणि बाई-पुरुष सारखे, असं मानणारी आम्ही पौडात वीसेक मोठी माणसं होतो. आमच्यात भटजी नाही, मौलवी नाही, महाराज नाहीत. त्याऐवजी दरवर्षी गावातल्या बहाईंनी मिळून आपल्यातले नऊ जण निवडायचे आणि त्या नऊ जणांच्या सभेनं वर्षभर सगळ्यांचं बघायचं. मुलांचे वर्ग, सणवार, लग्नं, कुणाचं भांडण, कुणाचं आजारपण, सगळं. बाबा या सभेत कितीतरी वर्षं होते आणि सचिवही तेच. सभेहून आले की जेवताना आम्हांला सगळं ऐकवायचे. म्हणजे गुपित असायचं ते सोडून. अमुक गोष्ट कशी अडली, कुणालाच कसं सुचेना. मग मशीन थांबायचं. आई म्हणायची, "मुलांचा वर्ग सकाळी कशाला ठेवता? सकाळी पोरं गुरामागं जातात. संध्याकाळी ठेवा." पुढच्या सभेहून बाबा अर्ध्या गल्लीतूनच ओरडत यायचे, "अगं, काय सुचलं मला आज! वर्ग संध्याकाळी घ्यायचा! सगळे खूश!" आई म्हणायची, "हो का? छान." आणि मशीन असं काही पळायचं की सुई तुटते की काय असं वाटावं.

मला एकवीस वर्षं पुरी झाली त्या वर्षी ग्रामपंचायतीत नवीनच प्रकार सुरू झाला होता. बायकांना राखीव जागा. आमच्या वत्सलाकाकू एका झटक्यात सदस्य झाल्या. महिनाभर जीप फिरली, भोंगा लावून काकूंचं नाव गल्लीबोळात पुकारलं, आणि काकू मात्र त्या भोंग्याच्या आवाजानं म्हैस बिथरते म्हणून शिव्या घालत होत्या. निवडून आल्यावर पंचायतीत जाऊन खुर्चीवर कोण बसलं? त्यांचे यजमान, किसनराव. कागद घरी यायचे, काकू चुलीपुढं बसल्या-बसल्या सही करायच्या आणि पीठ लागलेला पेन परत द्यायच्या. बाबांना हे बघून काय हसू यायचं! "लेकाचा बायकोच्या खुर्चीवर बसतो आणि मिशीला पीळ देतो!" दर एकोणीस दिवसांनी आमची सगळ्यांची मेजवानी असते. आधी प्रार्थना, मग गावच्या कामाची चर्चा, मग खाणं. अशाच एका मेजवानीत बाबांनी भाषण ठोकलं. म्हणाले, आपला धर्म शंभर वर्षांपूर्वीच सांगून बसलाय की बाई आणि पुरुष हे एका पक्ष्याचे दोन पंख, आणि आपल्याच सभेत बघावं तर पुरुषांचीच गर्दी. यंदा मत देताना जरा डोळे उघडा! टाळ्या पडल्या. आमचे अध्यक्ष वामन गुरुजी, मराठी शाळेतून रिटायर झालेले, त्यांनी हळूच आठवण करून दिली की भाऊ, नाव कुणाचं घेऊ नका. बाबा म्हणाले, नाव कुठं घेतलंय? मी तत्त्वाचं बोलतोय. ते तत्त्व फिरून आपल्याच अंगावर येईल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

नाव घेऊ नका, याचं कारण सांगायला हवं, कारण आमची निवडणूक बाहेरच्या माणसाला फार चमत्कारिक वाटते. तिला कुणी उभंच राहत नाही. उमेदवार नाही, चिन्ह नाही, प्रचार नाही. कुणाला मत देणार हे नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, आईनं लेकीशी बोलायचं नाही. एक कोरी चिठ्ठी मिळते. प्रार्थना करायची आणि गावातल्या सगळ्या मोठ्या बहाईंमधून मनाला पटतील ती नऊ नावं लिहायची. ज्यांना जास्त मतं, ती सभा. एवढंच. तेव्हा मत द्यायला एकवीस पुरी लागायची. माझी निवडणुकीच्याच महिन्यात पुरी झाली होती आणि मी नुसती उडत होते! वत्सलाकाकूंना मी ऐटीत सांगून आले की मी मत देणार. त्या म्हणाल्या, "कुणाला?" म्हटलं, ते सांगायचं नसतं. "मग मत मागाया कोन आलं हुतं?" म्हटलं, कुणीच नाही. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, कुनी मागाया न्हाई, वडा न्हाई, मटन न्हाई. ह्याला विलेक्शन म्हंत्यात व्हय?"

एप्रिलात आमचा रिझवानचा सण येतो, बारा दिवसांचा. त्यातल्या पहिल्याच दिवशी जगात जिथं जिथं बहाई आहेत तिथं गावोगाव ही निवडणूक होते. आमची वामन गुरुजींच्या पडवीत असायची. आईनं सकाळपासून कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ केली होती, पातेली ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही दोघींनी नेली. मतपेटी म्हणून आमचाच शेवयांचा डबा. तो घासून, उन्हात वाळवून, झाकणाला फट पाडून तयार केलेला, तरी त्याला शेवयांचा वास यायचाच. बाबा पांढरा शर्ट घालून दारातच स्वागताला उभे. सगळ्यांना खात्री होती की दरवर्षीप्रमाणं तेही निवडून येणार, आणि त्यांना स्वतःला तर होतीच. प्रार्थना झाली. पडवीत इतकी शांतता पसरली की मागच्या गोठ्यातल्या गाईचं रवंथ ऐकू यावं. मी चिठ्ठीवर नावं लिहायला लागले तर एकेक नाव दोनदा गिरवत होते. माझ्या हातात काहीतरी आहे, खरोखरचं, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजही दर एप्रिलात मी चिठ्ठी लिहिते. केस पिकले, चष्मा लागला, पण पहिलं नाव अजून तसंच दोनदा गिरवते, आणि गिरवलं नाही तर मला चुकल्यासारखं वाटेल.

मतमोजणीला सरकारी दवाखान्यातल्या नर्मदा सिस्टर बसल्या होत्या. इंजेक्शन देताना जसा चेहरा करायच्या तसाच चेहरा करून त्यांनी एकेक नाव वाचलं, शेजारच्यानं रेघा मारल्या. मग सिस्टर उठल्या. वामन गुरुजींचं नाव आलं, त्यांचं स्वतःचं आलं, आणखी सहा आली. आठ झाली आणि त्यात बाबांचं नाव नव्हतं. मी बाबांकडं बघितलं. ते हसत होते, पण ते हसू चेहऱ्यावर विसरून राहिल्यासारखं दिसत होतं. सिस्टर म्हणाल्या, "नववी जागा... थांबा हं." पुन्हा रेघा मोजल्या. "नवव्या जागेला बरोबरी आहे. दत्तात्रयभाऊ आणि..." त्यांनी चष्मा वर केला, "आणि सुमनताई."

दत्तात्रयभाऊ म्हणजे बाबा. सुमनताई म्हणजे माझी आई!

पडवीत असा काही गलका झाला की गाय उठून उभी राहिली. नवरा-बायकोत बरोबरी! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हसून डोळे पुसले. आईच्या हातात पन्ह्याचा गडू होता, तो तिनं खाली ठेवला आणि कुणी काही विचारायच्या आत उभी राहून म्हणाली, "मी माघार घेते. ह्यांनाच असू द्या." गावात वाढलेल्या कुठल्याही बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार? पंचायतीत माघार असते, महिला मंडळात माघार असते, ताटातल्या शेवटच्या भाकरीवरसुद्धा बाईची माघारच असते. पण वामन गुरुजी हसायला लागले. "सुमनताई, माघार उमेदवारानं घ्यायची. तुम्ही कुठं उमेदवार आहात? इथं कुणी स्वतःहून काही मागितलेलं नाही, तर ते परत कसं करणार? लोकांच्या मनात तुम्ही आलात. आता लोकांनाच पुन्हा विचारायचं, दोघांपैकी कोण." आई म्हणाली, "म्हणजे मला नको असलं तरी?" गुरुजी म्हणाले, "नको आहे का?"

या प्रश्नावर आईनं बाबांकडं बघितलं. मला तो क्षण लख्ख आठवतो. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. "अगं बस की" म्हणाले असते, "होऊन जाऊ दे" म्हणाले असते. स्टँडवर दिवसभर बोलणारा माझा बाप वीज गेल्यामुळं बंद पडलेल्या पंख्याकडं बघत होता, आणि त्या पंख्यात त्याला काय सापडलं होतं कोण जाणे. मला त्यांचा असा राग आला! मेजवानीत पंखांबद्दल बोलणारे हेच ना?  आई पदर खोचून खाली बसली आणि म्हणाली, "बरं. चिठ्ठी द्या मला."

पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या. आता एकच नाव लिहायचं होतं. आई किंवा बाबा. आयुष्यातली माझी पहिली निवडणूक आणि माझ्यापुढं हे येऊन पडलं! मी कुणाचं नाव लिहिलं हे मी बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, लग्नानंतर नवऱ्यानं किती डिवचलं तरी त्यालाही सांगितलं नाही. तेव्हा तुम्हांलाही सांगणार नाही. एवढंच सांगते की चिठ्ठी हातात घेतली तेव्हा मला पायडल थांबल्याचा आवाज आठवला. शेजारी आई लिहीत होती. आईनं जन्मात बाबांचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, "अहो" आणि "हे" यावरच तिचा संसार चालला होता. आणि बाबा तिला "अगं" म्हणायचे, लोकांत "आमची मंडळी". त्या दिवशी मात्र दोघांनाही दोघांपैकी एक नाव सगळंच्या सगळं, स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आईनं चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि डब्यात टाकली.

सिस्टर वाचायला लागल्या. "सुमनताई. दत्तात्रयभाऊ. दत्तात्रयभाऊ. सुमनताई."  बाबा पुढं जायचे, आई गाठायची, आई पुढं जायची, बाबा गाठायचे. पन्ह्यावर माशा बसत होत्या आणि कुणाला वारायचं भान नव्हतं. मला तर वाटत होतं हे संपूच नये. शेवटी डब्यात एकच चिठ्ठी राहिली आणि दोघांची मतं सारखी होती. ती चिठ्ठी चार घड्या घातलेली होती. सिस्टरांनी एकेक घडी उलगडली, वाचली, आणि इंजेक्शनचा चेहरा पहिल्यांदाच मोडून फटकन हसल्या. "सुमनताई!"

हो, मलाही दिसलं होतं ती कुणाची चिठ्ठी ते. स्वतःचं नाव लिहायला आमच्याकडं बंदी नाही, मनाला पटलं तर लिहावं. आईला पटलं होतं. ती मान खाली घालून गडूवरचं फडकं नीट करत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते. मला उठून ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडलेही, बहुतेक, कारण वामन गुरुजींनी "अगं अगं" केलेलं आठवतं.

बाबांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. पण घरी आल्यावर त्यांचा आवाज गेला. घसा धरला नव्हता, आवाजच गेला. चहाची हाक बंद. बातम्या ऐकायचे आणि रेडिओ बंद करून तसेच बसायचे. धपाटं एकच खाल्लं आणि हात धुतले. स्टँडवरही गाड्या नुसत्या कोरड्या पुकारायचे. वत्सलाकाकू भिंतीवरून डोकावल्या, "सायबास्नी ताप आलाय व्हय गं?" आईनं मशीन थांबवून झालेलं सगळं सांगितलं. काकूंचे डोळे मोठे झाले. "म्हंजी तू आता नुस्ती सही करायची का तितं जाऊन बसायचं बी?"

"बसायचं."

"आन् बोलायचं बी?"

"बोलायचं तर आहेच. त्यासाठीच बसायचं."

काकूंनी हनुवटीवर बोट टेकवलं. "आन् पार वरपतुर जाता येतंय का बाईला? आमचं बघ, हितून पंचायत समिती, तितून झेडपी."

"देशाची सभा असते, तिथं येतं. बायका आहेत तिथं," आई म्हणाली. "मात्र सगळ्यांत वर, साऱ्या जगाची एक सभा असते. तिथं पुरुषच."

"का?"

"ठाऊक नाही. लिहून ठेवलंय तसं. त्यामागचं कारण पुढं सगळ्यांना स्वच्छ दिसेल, असंही सांगितलंय."

"पुढं म्हंजी कवा?"

"ते सांगितलेलं नाही. दिसलं की तुम्हांला पहिलं सांगीन."

काकू एवढ्या हसल्या की कोंबड्या पळाल्या. पण आई थट्टा करत नव्हती. हा प्रश्न पुढं मलाही पुष्कळ जणांनी विचारला, आमच्याकडं येणाऱ्या लवळ्याच्या कॉलेजातल्या मुली तर हात धुवून मागं लागायच्या. खरं सांगायचं तर मलाही तो टोचतो. मी नंतर किती सभांत बसले, पुरुषांना गप्प बसून ऐकायला लावलं, माझ्या श्रद्धेला कुठं तडा गेला नाही, तरी टोचतो. मी आईचंच उत्तर देते. जे कळत नाही ते कळतं म्हणून सांगायचं नाही, आणि जी खुर्ची मिळाली आहे ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची नाही.

सभेची पहिली बैठक गुरुजींच्या घरी, संध्याकाळी होती. त्या दिवशी बाबांची दुपारपाळी. ड्यूटीवर निघताना ते आईपुढं येऊन उभे राहिले आणि किती दिवसांनी सलग बोलले. "हे बघ, मुलांच्या वर्गाचा विषय निघेल. तू म्हण, शाळेची खोली मागू. गुरुजी नाही म्हणतील. तू म्हण, अर्ज देऊ. मग सिस्टर अमुक म्हणतील, तेव्हा तू..." पायडल थांबलं.

"तुम्ही सांगाल तेच बोलायचं असेल तर मी कशाला जाऊ?"

"अगं, मला अनुभव आहे."

"आहे की. मी विचारीन तेव्हा सांगा." आईनं दोरा दातानं तोडला. "किसनरावांना हसत होता ना तुम्ही? ते निदान खुर्चीवर जाऊन तरी बसतात. तुम्ही घरात बसून माझ्या खुर्चीवर बसणार."

बाबांचा चेहरा पडला. चहा गाळलेला होता, तो तसाच टाकून ते गेले. आई पुन्हा शिवायला बसली, पण ते पायडल काही जमून चाललं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "विद्या, मी नाही गेले तर चालेल का गं?"  त्या घरात काय पणाला लागलंय हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. आई आज गेली नसती तर पुढच्या बैठकीला तिच्या नावानं बाबा गेले असते, त्याच्या पुढच्या बैठकीनंतर कागद घरी आले असते, आणि पीठ लागलेला पेन आमच्याही घरात फिरला असता. कुणी जबरदस्ती केली नसती, सगळं प्रेमानं झालं असतं. मी म्हटलं, "तू नाही गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." आईनं माझ्याकडं बघितलं, तोंड धुतलं आणि बार्शीची जांभळी साडी नेसली.

गुरुजींच्या घरी जायला स्टँडातूनच वाट. संध्याकाळची गर्दी, नोकरीवाले, बाजारकरू, भाज्यांच्या पाट्या, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. आई भराभरा चालत होती, केबिनकडं न बघता. मी बघितलं. काचेपलीकडं बाबा, आणि त्यांच्या टेबलावर कोपर टेकून साक्षात किसनराव, गाडीची वाट बघत गप्पांना बसलेले. भोंगा खरखरला. मला वाटलं आता गाडी पुकारणार. पण भोंग्यातून किसनराव बोलले.

"सायेब, आवो मंडळी एकल्याच निघाल्या की. तुमी का न्हाई गेला?"

सगळा स्टँड वर बघायला लागला. बाबांचा आवाज आला, तो जुना, भरदार, अख्ख्या पौडात घुमणारा.

"मी कशाला जाऊ?"

"आता घ्या! बायकूच्या जागंव नवराच बसतो की."

 आई रसवंतीपाशी थांबली होती, पाठमोरी.

"बसत असेल," बाबा म्हणाले. "पण ती जागा माझी नाही, किसनराव. लोकांनी मला नाही निवडलं. सुमनला निवडलं. आणि बरोबर निवडलं. मुलांचा वर्ग संध्याकाळी घ्यायचा हे कुणाला सुचलं होतं ठाऊक आहे? मी सांगत फिरलो मला सुचलं म्हणून. सुमनला सुचलं होतं ते."

"आवो सायेब, सायेब! बटन! चालू हाय त्ये!"

खट्. स्टँडात असा हशा उसळला की कंडक्टर लोक गाड्यांतून खाली उतरले. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. बटण चुकून राहिलं की मुद्दाम, हे मी बाबांना पुढं कितीदा विचारलं. ते म्हणायचे, माणूस आहे, चुकतो. पण त्यांच्या उभ्या नोकरीत ते बटण ना त्याआधी कधी चालू राहिलं, ना त्यानंतर.

आई अजून पाठमोरीच होती. मी पुढं जाऊन बघितलं तर तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तिचं नाव त्यांच्या तोंडून तिनं आज पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही सगळ्या मुळशी तालुक्यासह. मी म्हटलं, "आई, मागं वळून बघ तरी, बाबा काचेशी उभे आहेत." तिनं पदरानं तोंड पुसलं, निऱ्या सारख्या केल्या.

"येताना बघीन," म्हणाली. "चल, सभेला उशीर होतोय मला."